प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना संशोधनाचा परिणाम कसा दाखवावा?

प्रश्न : कऱ्हाकाठ, पुणे

सप्रेम नमस्कार. मी पुण्यातील एका अनुदानित महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. सध्या शैक्षणिक स्तर १३-ए वर सहयोगी प्राध्यापक असून त्या स्तरावरील तीन वर्षांची सेवा पूर्ण होत आली आहे. त्यामुळे करिअर ॲडव्हान्समेंट स्कीमखाली (सेवेतील बढतीच्या योजनेखाली) स्तर १४ साठी, म्हणजे प्राध्यापकपदासाठी, फाईल तयार करायला घेतली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे मला किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण दाखवायचे आहेत. निबंध ११ आहेत आणि गुणही कसेबसे पुरतात, त्यामुळे पात्रतेची मला फारशी चिंता वाटत नाही. अडचण वेगळी आहे.

गेली आठ वर्षे मी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील चार गावांत विहिरींची मोजणी करते आहे. आपल्याकडचा बेसाल्ट वरून एकसारखा दिसत असला, तरी आत थर असतात. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र थर पाणी धरतो आणि त्याखालचा घट्ट काळा पाषाण, त्यात भेगा नसतील तर, जवळजवळ काहीच धरत नाही. कोणत्या गावात हा थर किती खोलीवर आहे आणि तो शेजारच्या शिवारात कसा सरकत जातो, याचे नकाशे आम्ही विद्यार्थ्यांसह तयार केले आणि त्यावर मराठीत ३२ पानांची एक पुस्तिका काढली. त्यातील एका गावाने आपल्या जलसुरक्षा आराखड्यात हा नकाशा जोडला, तर दुसऱ्या गावाच्या ग्रामसभेने नवीन विंधन विहिरी कोठे घेऊ नयेत, याचा ठराव केला. माझ्या मते माझ्या आयुष्यातले हे सर्वांत उपयोगी काम आहे. गुणतक्त्यात मात्र त्याला रकाना सापडत नाही आणि ज्या निबंधांना गुण मिळतात, ते गावात कोणी वाचलेले नाहीत.

माझा एच-निर्देशांक, म्हणजे निबंध आणि त्यांचे उल्लेख यांवरून काढलेला आकडा, अगदी लहान आहे. विषय स्थानिक असल्याने सायटेशनही, म्हणजे इतरांच्या निबंधांतील माझ्या कामाचे उल्लेखही, थोडी आहेत. मागच्या स्थाननिश्चितीच्या वेळी छाननीत एका सदस्यांनी ‘हे समाजकार्य झाले, यात संशोधन कोठे आहे?’ असे विचारले होते आणि मला नीट उत्तर देता आले नव्हते. ते मनाला लागून राहिले आहे. अशा कामाचा परिणाम समितीसमोर कसा मांडावा आणि त्यासाठी कोणते पुरावे ग्राह्य मानले जातात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, औंध

मॅडम, मी विद्यापीठाच्या विभागातून निवृत्त झालो असून बरीच वर्षे निवड समित्यांवर विषयतज्ज्ञ म्हणून बसलो आहे. आपला प्रश्न मला अनेक वेळा समोरच्या खुर्चीतून ऐकू आला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याला दोन वेगवेगळ्या वाचकांसाठी लिहायचे आहे, ही गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. पहिला वाचक म्हणजे आयक्यूएसी (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) आणि छाननी समिती. त्यांचे काम तक्ता तपासण्याचे आहे आणि त्यांना प्रत्येक गुणामागे कागद हवा असतो. दुसरा वाचक म्हणजे मुलाखतीला बसलेला विषयतज्ज्ञ. त्याच्यापुढे गुणांची बेरीज झालेलीच असते, त्याला माणूस आणि त्याचे काम समजून घ्यायचे असते. बहुतेक अर्जदार पहिल्या वाचकासाठी तीनशे पानांची फाईल करतात आणि दुसऱ्यासाठी एक पानही लिहीत नाहीत. मग तज्ज्ञ जाड फाईल चाळतो, त्याला सूत्र सापडत नाही आणि तो ‘सध्या काय चालू आहे?’ असे काहीतरी विचारून मोकळा होतो.

तक्त्याविषयी आधी लिहितो, कारण आपण म्हणता तितका तो आपल्या कामाला बंद नाही. २०१८ च्या नियमावलीतील परिशिष्ट दोनच्या तक्ता क्रमांक २ मध्ये धोरणविषयक दस्तऐवजाला स्वतंत्र जागा आहे : आंतरराष्ट्रीय पातळीवर १०, राष्ट्रीय पातळीवर ७ आणि राज्य पातळीवर ४ गुण. आपण आपली निरीक्षणे शासनाच्या एखाद्या यंत्रणेला अहवालरूपाने रीतसर सादर केली असतील आणि त्याची पोच असेल, तर तो दावा करता येतो. ग्रामपंचायतीला दिलेला नकाशा तेथे बसणार नाही, आणि तो ओढूनताणून बसवूही नये. मात्र हे ध्यानात असू द्यावे की धोरणविषयक दस्तऐवज आणि निमंत्रित व्याख्याने यांचे मिळून गुण एकूण संशोधन गुणांच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक धरले जात नाहीत आणि एकूण गुण तक्त्यातील सहा प्रकारांपैकी किमान तीन प्रकारांतून यावे लागतात. फक्त निबंधांच्या बळावर ११० ची मजल गाठणारे अर्जदार येथे अडखळलेले मी पाहिले आहेत.

निबंधांचे गुण मांडताना सहलेखकांचा हिशेब स्वतःच करून ठेवावा. विज्ञान शाखेत एका निबंधाला ८ गुण मूळ धरले जातात आणि नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (त्यातील लेखांच्या सरासरी उल्लेखांप्रमाणे) त्यात भर पडते. फॅक्टर नसलेल्या परीक्षित नियतकालिकाला ५, एकपेक्षा कमी असल्यास १०, एक ते दोनच्या दरम्यान १५, अशी ती चढत जाते. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनपेक्षा अधिक असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के मिळतात. तीन लेखकांच्या एखाद्या निबंधाचे २३ गुण होत असतील, तर आपण मुख्य लेखक असल्यास १६.१ आणि नसल्यास ६.९, इतका फरक पडतो. आपण ‘कसेबसे पुरतात’ असे लिहिले आहे, म्हणून हे विशेष तपासावे.

आता दुसऱ्या वाचकाकडे वळतो. त्याच्यासाठी दोन पानांचे निवेदन लिहावे आणि ते फाईलच्या अगदी वर ठेवावे. त्यात अकरा निबंधांची यादी नको. आठ वर्षे आपण एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे : मांजऱ्याचा थर गावाच्या शिवारात कसा पसरला आहे आणि त्यावरून पाण्याचा हिशेब गावाला स्वतः मांडता येईल का. हा प्रश्न पहिल्या परिच्छेदात मांडावा. त्यानंतर तीन किंवा चारच निबंध निवडावेत. प्रत्येकाबद्दल आधी काय ठाऊक नव्हते, आपण काय दाखवले आणि त्यात आपला स्वतःचा वाटा कोणता होता, हे चार-पाच वाक्यांत सांगावे. क्षेत्रकाम कोणाचे, विश्लेषण कोणाचे, लेखन कोणाचे, हे स्पष्ट लिहिणारा अर्जदार तज्ज्ञाला विश्वासार्ह वाटतो. मग नकाशा, पुस्तिका आणि ग्रामसभेचा ठराव यांकडे यावे.

‘यात संशोधन कोठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर या क्रमातच आहे. ठराव आधी आणि निबंध नंतर मांडला, तर ते समाजकार्य दिसते. निबंधातील अमुक निष्कर्ष अमुक आकृतीत आहे, तीच आकृती सोपी करून पुस्तिकेच्या अमुक पानावर घेतली आणि त्या पानाचा आधार अमुक तारखेच्या ठरावात आहे, असे कडीला कडी जोडून दाखवले, तर त्या सदस्यांचा आक्षेप उरत नाही. अशी साखळी मी बसलेल्या समित्यांत फार थोड्या अर्जदारांनी दाखवली, आणि ज्यांनी दाखवली त्यांचे अर्ज मला आजही आठवतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘माझ्या संशोधनामुळे गावाची पाणीटंचाई दूर झाली’ असे कृपया लिहू नये. त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल, ओढ्याचे खोलीकरण झाले असेल, कोणी ऊस सोडून कांदा घेतला असेल. विहिरींची पातळी वाढल्याचा दावा करायचाच असेल, तर त्या वर्षांचे पर्जन्यमान आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या शेजारील निरीक्षण विहिरीची नोंद बाजूला ठेवून तुलना द्यावी. तशी तुलना शक्य नसेल, तर ‘ग्रामसभेने निर्णय घेताना आमचा नकाशा वापरला’ एवढेच लिहावे. हे विधान लहान असले, तरी कोणी खोडून काढू शकत नाही.

उत्तर २ : ग्रंथपाल, सदाशिव पेठ

सरांनी तक्त्याबद्दल लिहिले आहेच, मी सायटेशन आणि नियतकालिकांच्या पुराव्यापुरते लिहिते. आमच्या ग्रंथालयात दरवर्षी प्राध्यापक मंडळी या कामासाठी येतात आणि बहुतेक जण अर्जाच्या आदल्या आठवड्यात येतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा असतो, निबंधाचा किंवा लेखकाचा नव्हे. आधीच्या दोन वर्षांत त्या नियतकालिकात आलेल्या लेखांचा चालू वर्षात सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढेच तो सांगतो. उच्च फॅक्टरच्या नियतकालिकातील एखाद्या निबंधाचा कोणीही उल्लेख केलेला नसतो, आणि साध्या नियतकालिकातील एखादा निबंध त्या विषयात सगळे जण वापरतात. म्हणूनच २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील बैठकीतून निघालेल्या आणि ‘डोरा’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाहीरनाम्याने, व्यक्तीचे मूल्यमापन करताना नियतकालिकाचा फॅक्टर वापरू नये, असे आवाहन केले. आपल्या नियमावलीत तो गुणांसाठी लागतो, तेव्हा तक्त्यात तो द्यावाच. परंतु निवेदनात त्याचा आधार घेऊ नये.

तक्त्यासाठी तो कोठून घ्यावा, यातही पुष्कळ घोळ होतो. नियमावलीत थॉमसन रॉयटर्सच्या यादीचा उल्लेख आहे. ही यादी काढणारा त्या कंपनीचा विभाग २०१६ मध्ये विकला गेला आणि ती यादी आता क्लॅरिव्हेटकडे आहे. नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छापलेला कोणताही ‘आंतरराष्ट्रीय इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणजे तो नव्हे. पैसे घेऊन असे आकडे देणाऱ्या संस्था आहेत आणि छाननीत असा एक आकडा सापडला, की समितीचा बाकीच्या सगळ्या फाईलीवरचा विश्वास उडतो.

यूजीसी-केअर यादीबद्दलही, म्हणजे आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीबद्दलही, अलीकडे बरेच जण विचारतात. ही यादी आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जवळून जोडलेली होती. आधीच्या मान्यताप्राप्त यादीतील विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची येथील अभ्यासगटाने तपासणी केली तेव्हा त्यातील ८८ टक्के निकषांवर टिकली नाहीत. तो अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला आणि त्यानंतर केअरची व्यवस्था उभी राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादी बंद केल्याचे जाहीर करून नियतकालिक निवडण्यासाठी केवळ सूचक निकष दिले. म्हणजे आता नियतकालिक चांगले आहे, हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर आणि संस्थेवर आली आहे. ज्या निबंधांच्या वेळी यादी चालू होती, त्यांच्यासाठी त्या काळातील नोंदीची प्रत जोडावी. नंतरच्या निबंधांसाठी संपादक मंडळ, परीक्षणाची पद्धत आणि स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निबंध-उल्लेखांच्या डेटाबेसमधील समावेश, या तिन्हींचे पान तारखेसह छापून ठेवावे. परीक्षकांचे अभिप्राय आलेली ईमेलसुद्धा जपून ठेवावी. परीक्षण खरोखर झाले होते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

आता एच-निर्देशांक. भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. आपल्या किमान एच निबंधांना प्रत्येकी किमान एच उल्लेख मिळाले असतील, असा सर्वांत मोठा आकडा म्हणजे एच. सेवेची वर्षे वाढतात तसा तो वाढतो आणि विषयागणिक त्याचे प्रमाण बदलते. गुगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स एकाच व्यक्तीसाठी तीन वेगळे आकडे दाखवतात, कारण प्रत्येकाची व्याप्ती वेगळी आहे. म्हणून जो आकडा द्याल, त्याचा स्रोत आणि पाहिल्याची तारीख लिहावी, आणि स्वतःच स्वतःचे केलेले उल्लेख वेगळे दाखवावेत.

मॅडम, आपल्यासारख्यांना मी नेहमी सांगते की उल्लेख किती आहेत, हे मोजून झाल्यावर ते कोणी आणि कशासाठी केले, ते उघडून वाचावे. प्रस्तावनेत पाच जणांच्या रांगेत नाव येणे आणि ‘या पद्धतीने आम्ही थरांची खोली ठरवली’ असे पद्धतीच्या भागात येणे, यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचे तीन उल्लेख सापडले, तरी ते निवेदनात वाक्यासह द्यावेत. शोधगंगेवरही शोध घ्यावा. भारतीय विद्यापीठांतील पीएचडी प्रबंध तेथे पूर्ण मजकुरासह असतात आणि त्यांतील उल्लेख या मोठ्या डेटाबेसच्या मोजणीत सहसा येत नाहीत. स्थानिक भूजलावरचे काम अशा प्रबंधांतच अधिक वापरले जाते. गेल्या वर्षी एका प्राध्यापकांसाठी शोधताना आम्हांला असे सात प्रबंध मिळाले, आणि त्यांना स्वतःला त्यातील एकाचीही कल्पना नव्हती.

पुस्तिका झेनोडो या खुल्या संग्रहावर ठेवून तिला डीओआय (कायमस्वरूपी ओळख क्रमांक) घ्यावा आणि ऑर्किड या संशोधकांच्या ओळख-खात्याला जोडावा. यासाठी पैसे पडत नाहीत. त्यानंतर कोणी ती वापरली, तर उल्लेख कसा करायचा हे त्यांना कळते आणि आपल्यालाही तो शोधता येतो. नकाशामागची विहिरींची मोजमापे देता येण्याजोगी असतील तर तीही ठेवावीत, मात्र शेतकऱ्यांची नावे व गट क्रमांक काढून.

उत्तर ३ : परदेशस्थ पुणेकर

मी अमेरिकेतील एका विद्यापीठात आहे आणि तेथील टेन्यूरच्या, म्हणजे नोकरी कायम होण्याच्या, प्रक्रियेतून गेलो आहे. आपल्याकडे परिविक्षाकाल संपला की नोकरी कायम होते. येथे साधारण सहाव्या वर्षी सगळे काम तपासले जाते आणि टेन्यूर नाकारले, तर बहुधा एका वर्षात संस्था सोडावी लागते. गुणतक्ता नसतो. त्याऐवजी संस्थेबाहेरील जाणकारांना, ज्यांच्याशी अर्जदाराचे सहलेखन नाही अशांना, निवडक निबंध आणि निवेदन पाठवून लेखी मत मागवले जाते. त्या पत्रांना सर्वांत अधिक वजन असते. सरांनी सांगितलेले दोन पानांचे निवेदन येथे अर्जाचा कणाच असतो.

संशोधनाचा समाजावरील परिणाम कसा मांडावा, याचा चांगला नमुना ब्रिटनमध्ये आहे. तेथील विद्यापीठांच्या राष्ट्रीय मूल्यमापनात २०१४ मध्ये या परिणामाला २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के वजन होते, आणि त्यासाठी विभागांनी लिहिलेली उदाहरणे (केस स्टडी) सर्वांना वाचण्यासाठी खुली आहेत. भूजल आणि पूर यांवरील दोन-तीन काढून वाचावीत. मूळ संशोधन, कोणापर्यंत पोहोचले, काय बदलले आणि ते कोण सांगू शकेल, हा त्यांचा क्रम आहे. आपली सामग्री त्यात अगदी सहज बसेल.

उत्तर ४ : मराठी विभाग, कोथरूड

मी भाषाशाखेची आहे, तरी या प्रश्नात मला माझाच प्रश्न दिसतो. आमच्याकडे एका निबंधाला १० आणि राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण असतात. चार वर्षे हस्तलिखिते पाहून सिद्ध केलेली संहिता आणि आठ पानांचा निबंध तक्त्यात सारखेच ठरतात. मराठीतील संदर्भग्रंथांचे उल्लेख तर स्कोपसमध्ये येतच नाहीत. म्हणून मी परीक्षणे, अन्य विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतील संदर्भसूची आणि पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या यांचे वेगळे टाचण ठेवत आले आणि मुलाखतीत त्यावरच सर्वाधिक प्रश्न आले.

मॅडमनी पुस्तिका मराठीत लिहिली, हे त्यांनी जरा दबक्या आवाजात सांगितल्यासारखे वाटले. तसे करू नये. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने चर्चेसाठी काढलेल्या नव्या नियमावलीच्या मसुद्यात उल्लेखनीय योगदानाची नऊ क्षेत्रे दिली होती, आणि त्यांत भारतीय भाषांतील अध्यापन तसेच समाजाशी जोडलेले काम या दोहोंचा समावेश होता. आपला अर्ज २०१८ च्या नियमांखालीच जाईल, त्यामुळे मसुद्याचा आधार गुणांसाठी घेता येणार नाही. पण समितीतील मंडळींनी तो वाचलेला असेल. विहीर खोदणाऱ्याच्या तोंडचा मांजऱ्या हा शब्द भूशास्त्राच्या परिभाषेशी जोडून देणे, हे मला भाषेच्या बाजूनेही खरे संशोधन वाटते.

कऱ्हाकाठ, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री गुणांचा हिशेब पुन्हा केला. सहलेखकांचे प्रमाण लावल्यावर ११० ऐवजी १०४ भरले. शासकीय यंत्रणेला दिलेल्या अहवालाची पोच कपाटात सापडली, तिचे ४ गुण धरले तरी २ कमी पडतात. एका पदव्युत्तर प्रबंधाचे मार्गदर्शन मी धरलेच नव्हते, त्याचे २ मिळतील. दुसरी अडचण अशी, की ठराव झाला तेव्हाचे ग्रामसेवक बदलून गेले आहेत. सरपंचांकडून प्रशस्तिपत्र घ्यावे का? मजकूर मीच लिहून दिला तर ते सही करायला तयार आहेत.

निवृत्त प्राध्यापक, औंध

मजकूर आपण लिहून देऊ नये. चार गावांच्या पत्रांत तीच वाक्ये दिसली, की तज्ज्ञ ती पत्रे बाजूला ठेवतो. ग्रामसेवक बदलले तरी ग्रामसभेचे इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या दप्तरातच असते. ठरावाची तारीख व क्रमांक देऊन प्रमाणित प्रतीसाठी साधा अर्ज करावा, आणि जलसुरक्षा आराखड्यातील नकाशाच्या पानाचीही प्रत त्याच वेळी मागावी. सरपंचांना काही लिहायचे असेल, तर त्यांनी स्वतःच्या शब्दांत, नकाशा कोणत्या निर्णयासाठी उघडला होता एवढेच लिहावे, अगदी चार ओळी असल्या तरी चालतील.

गुणांचे म्हणाल, तर नेमक्या ११० वर अर्ज पाठवू नये. छाननीत एखादी नोंद वगळली गेली, तर पात्रताच जाते. अकरावा निबंध मूल्यांकन काळातला आहे का, हेही पाहावे, कारण दहापैकी किमान तीन निबंध त्या काळात प्रसिद्ध झालेले असावे लागतात. पुस्तिकेतील सामग्रीवर एक निबंध आपण मुख्य लेखक म्हणून लिहू शकाल, असे मला वाटते. तो स्वीकारला जाऊन छापून येईपर्यंत थांबावे आणि दोन पानांचे निवेदन मात्र आजच लिहायला घ्यावे. मसुदा झाला की येथे जरूर कळवावे, मी वाचून देईन.